जास्तीत जास्त भलं, पण ठरवणार कोण?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



निधी कमी आणि मागणी जास्त असली की ग्रामसंघात आपण म्हणतो, "ज्यात जास्त जणींचं भलं, ते आधी करू." इंग्लंडचे विचारवंत जेरेमी बेंथम यांनी दोनशे वर्षांपूर्वी असंच मांडलं: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. विचार चांगलाच आहे. पण भलं कशात आहे हे ठरवणार कोण, आणि ज्यांचं भलं करायचं त्यांना विचारणार की नाही, हे त्या वाक्यात नाही. सत्ता हातात असलेल्या माणसाला ही मोकळी जागा बरोबर सापडते.

आणीबाणी ज्येष्ठ मावशींना आठवत असेल. लोकसंख्या आटोक्यात आली तर साऱ्या देशाचं भलं, असा हिशोब होता. वरून उद्दिष्टं आली. आकडा गाठला नाही म्हणून कर्मचाऱ्यांचे, शिक्षकांचे पगार अडवले गेले. मग ते गरिबांच्या मागे लागले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कित्येक बळजबरीनं. आपल्या विधिमंडळानंही १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. वर्तमानपत्रांवर बंधनं, विरोधक तुरुंगात. तक्रार करायची कुणाकडे? मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं.

पुढं पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायला पुढारी कचरू लागले आणि भार आला बायकांवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या जवळपास ३८ विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांची? हजारात तीन!

आता आपल्याकडे बघा. "परतफेड शंभर टक्के पाहिजे" म्हटलं, की मजुरीवर जगणारी एकल ताई गटाला नकोशी होते. गटाचा आकडा सुधारतो, पण तिचं काय?

म्हणून ठरावाआधी तीन प्रश्न विचारा:

१. ज्यांच्यासाठी निर्णय घेतोय, त्या इथं बसल्यात का?
२. एखादी "नाही" म्हणाली, तर तिचं कर्ज किंवा दुसरं काही अडणार का?
३. तोटा कुणाच्या वाट्याला येणार, आणि तिचं म्हणणं ऐकलं का?

लिपिका ताईंनी हे प्रश्न बैठकीत मोठ्यानं वाचावेत आणि उत्तरं इतिवृत्तात लिहावीत. पुढच्या महिन्यात जोखीम प्रवणता निधीचा विषय आहे, तिथूनच सुरुवात करू या.