ऊन वाढले की घाई वाढते



मी सातवी शिकलेली. माझे शास्त्र ओट्यापाशीचे. आपल्या कोथरूडला पौषात रात्रभर ठेवूनही दही नीट लागत नाही, वैशाखात चार-पाच तासांत लागते. कुकरात कोंडलेल्या वाफेने पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. ढोबळमानाने दहा अंश वाढले की बहुतेक रासायनिक क्रिया दुप्पट वेगाने होतात. स्वीडनच्या आऱ्हेनिअस यांनी १८८९ साली याचे गणित मांडले.

मला ते फार महागात कळले. एका वैशाखात सकाळची आमटी रात्री धाकट्याला वाढली. हिवाळ्यात टिकते, तशी टिकली असेल असे वाटले. पोराला दोन दिवस जुलाब-वांत्या! तेव्हापासून उरलेले अन्न मी वेळीच फ्रीजमध्ये ठेवते.

भगिनींनो, घड्याळाबरोबर हवाही पाहावी, एवढेच सांगून मी खाली बसते.