आधी आधार, मग उद्धार
(कोथरूड येथे स्वयंसेवक व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा सारांश)



कोथरूडच्या वेशीवरील चांदणी चौकातून जाणारा पुणे–बंगळुरू महामार्ग वारजे, नऱ्हे ओलांडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढतो. याच उतारावर, नवले पुलाजवळ, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अनेक वाहनांचे नुकसान झाले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच एक मोटार दोन अवजड वाहनांमध्ये चिरडली गेली आणि वाहनांनी पेट घेतला.

अपघात घडताच समाज धावून येतो, हे आपल्या संस्कारांचे वैभव होय. परंतु दहा हात एकाच वेळी उलटलेली मोटार सरळ करू लागतात, तेव्हा आतील जखमीच्या मानेला हिसका बसतो. मज्जारज्जूला झालेली इजा बहुधा कायमची असते. कुशीवर पडलेले वाहन नुसत्या रेलण्यानेही कलंडते आणि मदत करणाराच त्याखाली सापडतो.

म्हणून क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम एकाने मागून येणारी वाहतूक दूर अंतरावर थोपवावी आणि दुसऱ्याने ११२ किंवा १०८ क्रमांकावर कळवावे. वाहन चाकांवर उभे असेल, तर इंजिन बंद करून हातब्रेक ओढावा व चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. घाटात मालमोटारीचा क्लीनर हेच करतो. वाहन कुशीवर वा छतावर असेल, तर ते सरळ करू नये; आहे त्याच स्थितीत पोकळीत लाकडी ठोकळे व पाचरी बसवून त्याला टेकू द्यावा. अग्निशमन दलाचे जवानही पत्रा कापण्यापूर्वी वाहन असेच स्थिर करतात. जखमीला धीर द्यावा, त्याची मान हलू देऊ नये. आग लागली असेल किंवा लागण्याचा धोका समोर दिसत असेल, तरच त्याला तत्काळ बाहेर ओढावे.

पोलिसांच्या चौकशीचे भय आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास त्याने कायदेशीर कवच दिले आहे.

१९९६ मध्ये चरखी दादरी येथील विमान दुर्घटनेनंतर स्वयंसेवक शेतांतून धावले होते. ती तत्परता आजही आहे. तिला ज्ञानाची जोड हवी. प्रत्येक वस्तीतील चार तरुणांनी हे शिक्षण घ्यावे आणि चार ठोकळे व दोन पाचरी हाताशी ठेवाव्यात. सेवेला शिस्त लाभली, तरच ती प्राण वाचवते.