जबडा, झोप आणि श्वास
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला आपल्या वेळी बाकावर उभे करीत. नोएडा येथे अनेक वर्षे जबड्याच्या शस्त्रक्रिया केल्यानंतर आज मला अशाच एका मुलाची बाजू मांडावयाची आहे.

नऊ वर्षांच्या त्या मुलाला घेऊन आईवडील पश्चिम उत्तर प्रदेशातील एका खेड्यातून आले होते. दोन वर्षांचा असताना तो हनुवटीवर पडला. जखम भरली, परंतु कानापुढील जबड्याचा सांधा हळूहळू हाडाने जखडला. तोंडात बोटही शिरेना. वडिलांचे मागणे एवढेच होते की, मुलाचे तोंड उघडावे आणि त्याने पोटभर जेवावे. मी विचारले, "रात्री झोपतो कसा?" आई म्हणाली, "बसून."

खरा आजार त्या एका शब्दात होता. सांधा जखडला की खालच्या जबड्याची वाढ खुंटते आणि हनुवटी मागे राहते. जिभेचे मूळ त्याच हाडाला बांधलेले असल्याने जीभही घशाकडे सरकते. झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट बंद होते. मूल गुदमरून जागे होते आणि रात्रभर हेच चालते. मग दिवसा वर्गात डोळा लागतो, त्यात नवल ते काय?

अशा वेळी केवळ सांधा मोकळा केला, तर आधार गेलेला जबडा आणखी मागे जाऊ शकतो. तोंड उघडते, पण श्वास अधिक कोंडतो. म्हणून आम्ही प्रथम झोपेची तपासणी केली. मग जबड्याचे हाड कापून त्यावर यंत्र बसविले आणि काही दिवसांनी रोज सुमारे १ मिलिमीटर याप्रमाणे ते पुढे आणले. मधल्या जागेत नवे हाड तयार झाले. सांधा त्यानंतर सोडविला. प्रौढांमध्ये टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमियम आणि पॉलिएथिलीन यांचा कृत्रिम सांधा बसवितानाच जबडा पुढे घेता येतो. वाढत्या मुलांत मात्र कृत्रिम सांधा शरीराबरोबर वाढत नाही, हे ध्यानी ठेवावे लागते.

याची दुसरी बाजूही आहे. पुढे आलेला जबडा सौंदर्यासाठी मागे नेला, तर श्वसनमार्ग अरुंद होऊ शकतो. म्हणून आरशापुढचा चेहरा पाहण्याआधी घोरण्याची चौकशी करावी. जबडा पुढे नेल्याने प्रत्येकाचा विकार संपतोच असेही नाही. शस्त्रक्रियेनंतर झोपेची फेरतपासणी हवीच.

तो मुलगा पुढे आडवा झोपू लागला. त्याच्या आईला तेव्हा आलेले रडू मी विसरलेलो नाही.

गुरुजनहो, आपल्या वर्गात कोणी सतत पेंगत असेल, घोरत असेल, हनुवटी लहान असेल किंवा तोंड पुरते उघडत नसेल, तर त्यास आळशी म्हणण्याआधी पालकांना एक प्रश्न विचारा : "रात्री झोपतो कसा?"