पितृस्थान



मंडळाने आम्हांस ‘कुटुंबातील पित्याचे स्थान’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. पदवी आमच्यापाशी नाही. मॅट्रिकनंतर चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढीच आमची शिदोरी. त्या अनुभवावरून सांगतो की, जन्मदाता पिता नसला तरी मुलास पिता लागतोच. ज्याच्या शाबासकीने छाती फुगावी आणि ज्याच्यापुढे खोटे बोलताना जीभ अडखळावी, असा एक माणूस मूल शोधून काढतेच. कोणास तो मामात सापडतो, कोणास मास्तरांत. दुर्दैवाने कोणास गुत्त्यावरही!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. नाना जातींची मुले तेथे एका पंक्तीस बसत आणि भाऊरावांना ‘अण्णा’ म्हणत. परंतु त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, याचे स्मरण ठेवले पाहिजे. पितृस्थान पुरुषच भरून काढतो असे नाही.

हे आम्हांस फार उशिरा उमगले. आम्ही नऊ वर्षांचे असता वडील निवर्तले. आईने शिवणयंत्र चालवून आम्हां दोघां भावंडांस वाढविले. फी तिने भरली, मारही तिनेच दिला. (मामा दिवाळीस येत, उपदेश करीत आणि फराळ करून जात.) पण बहिणीच्या लग्नात कन्यादानास बसले मामा-मामी, आई कोठीघरात नारळ मोजीत होती. कर्ता मुलगा या नात्याने ती व्यवस्था आम्हीच ठरविली होती. तिने एवढेच विचारले, “अक्षता तरी टाकू ना रे?” आम्ही म्हणालो, “लांबून टाक.”

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती वार्ता आम्ही वाचली, तेव्हा ऐकवावयास आई उरली नव्हती.

उद्या येथे विद्यार्थ्यांचा गुणगौरव आहे. यादीतील काही मुलांना वडील नाहीत. अर्जातील ‘पालकाचे नाव’ या रकान्यात काका-मामांची नावे भरलेली आम्ही पाहिली. चिटणीसांस आमची विनंती आहे की, त्या मुलांच्या आयांची नावे आज रात्रीच लिहून घ्यावीत आणि उद्या त्यांना व्यासपीठावर पहिल्या रांगेत खुर्च्या द्याव्यात.