सलाईन किती आणि कुठपर्यंत?

अतिदक्षता विभागात भेटायला आलेला नातेवाईक आधी रुग्णाच्या तोंडाकडे बघतो आणि लगेच सलाईनच्या स्टँडकडे. थेंब पडताना दिसले की त्याला हायसं वाटतं. स्टँड मोकळा दिसला की विचारतो, ‘डॉक्टर, सलाईन का काढलं?’ या प्रश्नाला हसू नका. आम्ही डॉक्टर मंडळी जवळजवळ दोनशे वर्षं त्याच्याशीच झगडतो आहोत.

१८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथमध्ये पटकीची साथ होती. थॉमस लाटा या डॉक्टरने एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. तीन लिटरच्या वर गेल्यावर बाई चक्क बोलू लागली. लाटा निर्धास्त होऊन निघाले. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या आणि काही तासांत ती गेली. तिथे पाणी कमी पडलं. आता उलटं पाहा. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तापाने गंभीर झालेल्या, रक्ताभिसरण खालावलेल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरेतून भराभर पाणी दिलेल्या मुलांपैकी साधारण साडेदहा टक्के ४८ तासांत दगावली. तसं न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. त्यांच्यात मलेरियाचे रुग्ण पुष्कळ होते, व्हेंटिलेटरची सोय नव्हती, म्हणून तो निष्कर्ष आपल्याकडे सरसकट लावता येणार नाही. पण ‘पाणी दिल्याने नुकसान तर नाही ना’ हा आमचा भाबडेपणा तिथे संपला.

आपल्या कोकणातही हे कळलेलं होतं. लाल विंचू चावलेला रुग्ण थंडगार, घामाने निथळलेला येतो; बाटली लावावीशी वाटते. पण त्याचं हृदय थकलेलं आणि फुप्फुसं पाण्याने भरत चाललेली असू शकतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुग्णाच्या उशाशी बसून हे ओळखलं आणि प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले.

मग पाणी किती द्यायचं हे ठरवायचं कसं? पूर्वी मानेच्या शिरेत नळी घालून दाब मोजायचो. तो आकडा ठरावीक पातळीवर येईपर्यंत पाणी द्यायचं, अशी शिस्त होती. पुढे लक्षात आलं, की पाणी दिल्यावर हृदय जास्त रक्त फेकेल की नाही, हे तो आकडा सांगतच नाही. आता खाटेपाशीच सोनोग्राफीचा प्रोब ठेवतो. पोटातली मोठी शीर, आयव्हीसी, श्वासागणिक किती मिटते हे बघायची फॅशन आहे. माझं तिच्याशी फारसं पटत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे की जोरजोरात श्वास घेतोय, यावर ती शीर रंग बदलते. मला भरवसा वाटतो तो पाय वर करण्याच्या चाचणीवर. डोकं सपाट करून पाय ४५ अंश उचलले, की पायांतलं सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे जातं. मिनिटभरात हृदयाच्या तोंडाशी डॉपलरने प्रवाह मोजायचा. दहा-पंधरा टक्के वाढला, तर पाण्याचा उपयोग होईल. नाही वाढला तर पाय खाली. रक्त परत गेलं, एक थेंबही वाया नाही. गंभीर रुग्णांपैकी साधारण निम्म्यांतच हा प्रवाह वाढतो.

पण वाढला म्हणजे पाणी द्यायलाच हवं, असंही नाही. या सभागृहातल्या बहुतेकांचे पाय उचलले तर प्रवाह वाढेल, म्हणून तुम्हाला कुणी सलाईन लावणार नाही! आधी रक्ताभिसरण कमी पडतंय का ते बघायचं. मग फुप्फुसांवर प्रोब ठेवायचा. वरून खाली उतरणारे पांढरे पट्टे, ज्यांना आम्ही बी-लाइन्स म्हणतो, पहिल्या तपासणीत नव्हते आणि अडीचशे मिलिलिटरनंतर दोन्ही बाजूंना उमटले, तर बाटली बंद. मग रक्तदाबासाठी नॉरॲड्रेनलिन.

आपल्याकडे एक अडचण आहे. सोनोग्राफीचं मशीन, जागा आणि वापरणारा डॉक्टर या सगळ्यांची नोंद गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली लागते. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला आणि तो हवाच होता. म्हणून सूट मागू नये. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी शिकावं, रीतसर नोंद करावी, आणि जिल्हा रुग्णालयांतलं मशीन डेंग्यूच्या दिवसांत रात्री दोनलाही खाटेपाशी येऊ शकेल अशी व्यवस्था व्हावी.