थ्रेशरचा नंबर कोणाचा?



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलून झाले आहे. आम्ही बोलणार आहोत थ्रेशरच्या नंबराबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण गट फुटतात ते बहुधा अशाच नंबरावरून.

एका गावी गटाने वर्गणी काढून थ्रेशर घेतला आणि नंबर कसा लावायचा ते आम्हाला विचारले. आम्ही पडलो कृषी पदवीधर! चटकन सांगून टाकले, ज्याचे नाव आधी त्याची मळणी आधी. पहिले नाव निघाले सगळ्यात मोठ्या गंजीचे. मागे एका बाईची तासाभराची ज्वारी उघड्या खळ्यावर पडून. दुपारी अवकाळी कोसळला, ज्वारी काळी पडली. बाई आम्हाला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागले.

मग कागदावर हिशेब मांडला. समजा चार गंज्या आहेत. पहिलीला 10 तास लागतात, बाकीच्यांना 1, 2 आणि 3. मोठी आधी घेतली तर चौघे मोकळे होतात 10, 11, 13 आणि 16 व्या तासाला. सरासरी साडेबारा तास. लहान आधी घेतल्या तर 1, 3, 6 आणि 16, सरासरी साडेसहा. यंत्र दोन्ही वेळा 16 तासच चालले, डिझेल तेवढेच जळले. मोठ्याला सहा तास जास्त थांबावे लागले, पण तिघांचे धान्य पहिल्या सहा तासांत घरात. आणि पाऊस केव्हा येईल ते माहीत नसताना जास्तीत जास्त घरे वाचवायची असतील, तर हाच क्रम.

हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी 1956 साली ते गणिताने सिद्ध केले. त्यांनी पुढचेही सांगितले. सगळ्यांचे नुकसान सारखे नसते. थांबण्यात तासाला किती रुपये जातात, त्याला मळणीच्या तासांनी भागा. ज्याचा भागाकार मोठा, तो आधी. मोठी गंजी उघड्यावर असून तासाला 200 रुपये जात असतील तर 200 भागिले 10, म्हणजे 20. लहान गंजी छपरात असून 10 रुपयेच जात असतील तर 10 भागिले 1, म्हणजे 10. इथे मोठीच आधी घ्यायची. म्हणजे हा लहान-मोठ्याचा पक्षपात नाही.

संगणकातही हीच भांडणे असतात. यंत्र एक, कामे पुष्कळ. अमेरिकेत एमआयटी संस्थेत 1961 साली एकाच संगणकावर अनेकांना आळीपाळीने क्षणभर क्षणभर वेळ देऊन दाखवला गेला. कोणी म्हणेल, आपणही प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास देऊ. तसे करू नका. संगणकाला काम बदलायला निमिषही लागत नाही. आपला थ्रेशर ट्रॅक्टरला जोडून दुसऱ्या खळ्यावर न्यायचा, झाडून साफ करायचा, ज्वारीनंतर तूर असेल तर चाळणी बदलायची, वेग बदलायचा. सगळा दिवस त्यातच जाईल. उलट एका पिकाच्या, एका शिवाराच्या गंज्या सलग घ्या.

एक खोड मात्र आहे. रोज नव्या लहान गंज्या येत राहिल्या तर मोठ्याचा नंबर लागायचाच नाही. संगणकवाले त्यावर थांबणाऱ्याचा नंबर वेळेबरोबर वर सरकवत जातात. आम्ही त्या गावी दोन दिवसांची हद्द ठरवली. दोन दिवस थांबला की तिसऱ्या सकाळी तोच पहिला, मग समोर कोणीही असो, सरपंचाचा भाचा असला तरी.

वहीत आता नाव, अंदाजे तास, माल उघड्यावर की छपराखाली, आणि नोंदीची वेळ, एवढे लिहितात. तास कोणी कमी सांगून पुढे घुसू नये म्हणून गंजी दोघांनी जाऊन पाहायची. थांबणाऱ्या मोठ्या गंजीला गटाची ताडपत्री द्यायची, हेही ठरले. ताडपत्री एकच आहे. दुसरीची वर्गणी कोणी द्यायची यावर तिथे अजून वाद चालू आहे.