परमुलखातला बट्टा

शहाजीराजांची जहागीर असलेल्या बंगळूरच्या पेठेत एके काळी होन आणि फणम चालत. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात खपवायचे, तर सराफ ते पारखून घेई आणि आपला बट्टा कापी. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकसारखा रुपया चालू केला आणि हा बट्टा हळूहळू देशातून मागे सरला. परदेशात मात्र तो अजून भेटतो.

आज त्याच बंगळूरहून कितीतरी वृद्ध आईबाप मुलांना भेटायला परदेशी निघतात. पॅरिसच्या दुकानात कार्ड यंत्राला लावले, की पडद्यावर प्रश्न उमटतो : रक्कम युरोत द्यावी की रुपयांत? परमुलखात रुपयाचे नाव वाचून मन हरखते आणि बोट तिकडे वळते. नेमके तिथेच फसायला होते. रुपये निवडले, की विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूची संस्था ठरवते आणि आपला नफा त्यातच मिसळते. युरो निवडले, तर कार्डव्यवस्थेचा दर आणि आपल्या बँकेचे शुल्क लागू होते.

हिशेब सोपा आहे. समजा, एका युरोचे शंभर रुपये होतात. शंभर युरोंच्या खरेदीवर यंत्राने १०५ चा दर लावला, तर १०,५०० रुपये जातील. युरोतच पैसे दिले आणि बँकेने दोन टक्के शुल्क व त्यावर १८ टक्के कर घेतला, तर १०,२३६. शिवाय परदेशातील अशा रुपयांतल्या व्यवहारावरही येथील काही बँका वेगळे शुल्क घेतात, म्हणजे बट्टा दुहेरी!

उपाय एकच : जिथे जावे, तिथल्याच चलनात पैसे द्यावेत. पैसे काढण्याच्या यंत्रावर ‘रूपांतर नको’ म्हटले, तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते. ती निराधार आहे. पैसे मिळतात, फक्त दर आपल्या बाजूचा लागतो. दुकानदाराने न विचारता रुपये निवडले असतील, तर पावती तिथेच वाचावी आणि व्यवहार रद्द करून पुन्हा करावयास सांगावे. हा ग्राहकाचा हक्क आहे. युरोपीय संघात तर २०२० पासून असा अधिभार टक्केवारीत आधी दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे.

जुना सराफ बट्टा सांगून घेई. नवे यंत्र तो संमती विचारून घेते. म्हणून ती संमती विचारपूर्वक द्यावी. आयुष्यभराच्या बचतीवर निघालेल्या प्रवाशाला एवढी सावधगिरी पुरेशी आहे.